एक ना धड

आमच्या घरात म्हणींना तोटा नव्हता. आजी म्हणींतून गोष्टी सांगे, आई म्हणींतून सुचवी, आणि नाना, म्हणजे माझे वडील, म्हणींतून रागावत. माझ्या वाट्याला त्यांच्याकडून बहुतेक वेळा एकच म्हण येई : 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' शाळेत असताना चार महिने तबल्याच्या शिकवणीला गेलो आणि मग तो सोडून बासरी विकत आणली, तेव्हा ती आली. बासरी फडताळात गेली आणि मी क्रिकेटच्या संघात नाव नोंदवले, तेव्हाही आली. म्हण तीच असली तरी दर खेपेला आवाज थोडा खाली जाई. नाना ओरडत नसत. ते जितके हळू बोलत तितके आम्ही त्यांना अधिक भीत असू.

चित्रकला मात्र मी सोडली नव्हती. बडोद्यात वाढलेल्या मुलाला चित्रांचे वेड लागले तर त्याचा दोष एकट्या मुलावर ठेवता येत नाही. शहरच तसे आहे. कीर्तिमंदिरात गेले की नंदलाल बसूंनी रंगवलेल्या भिंती अंगावर येतात. तांबेकरांच्या वाड्यात जुन्या चित्रकारांनी भिंतीचा हात-दोन हात तुकडाही मोकळा सोडलेला नाही. फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या स्त्रिया शंभर वर्षांपूर्वीची रेशमी वस्त्रे लेवून उभ्या आहेत. आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली सुरू झालेला ललित कला विभाग तर आमच्या रोजच्या वाटेवरच होता. दाढी वाढवलेली, हातांना रंग लागलेली तिथली मुले पाहिली की मला ती दुसऱ्याच कुठल्या तरी देशाची नागरिक वाटत.

१९७५ साली शालांत परीक्षा झाल्यावर त्या विभागाच्या प्रवेशाचा अर्ज मी आणला आणि धीर करून नानांच्या पुढे ठेवला. नाना एका गिरणीच्या हिशेब खात्यात होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला. चित्र, शिल्प, मुद्राचित्र, उपयोजित कला अशी त्यातली विषयांची नावे वाचून झाल्यावर त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि तो मला परत दिला. "यांच्याकडेसुद्धा भाराभर आहेत," ते म्हणाले, "तू आधी एक काही तरी धड कर." मी वाणिज्य शाखेत गेलो. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन गुजरात सरकारच्या महसूल खात्यात लागलो आणि २०१६ साली, अठ्ठावन्न पुरी झाली तेव्हा, मामलतदार म्हणून निवृत्त झालो. नाना १९९४ सालीच गेले होते. एक काही तरी धड झाले, हे पाहून गेले.

निवृत्तीनंतरची काही वर्षे मुलींच्या संसारात आणि घराच्या डागडुजीत गेली. २०२३ च्या जूनमध्ये शहरातल्या एका सायंकालीन कलावर्गात मी नाव घातले. वर्गात पंधरा जण होते. त्यांतल्या चौदांच्या वयांची सरासरी काढली असती तर ती माझ्या धाकट्या मुलीच्याही खाली गेली असती. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, गुजराती. मी तिला 'मॅडम' म्हणे आणि ती मला 'काका'. हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने आमची सोय झाली. पहिल्याच दिवशी तिने सांगितले, की प्रत्येकाने घरातली एक वस्तू निवडायची आणि वर्षभर तीच वस्तू पाच माध्यमांत करायची : पेन्सिल, कोळसा, जलरंग, लिनोछाप आणि माती. विषय बदलायचा नाही, माध्यम बदलायचे.

मुलांनी बूट आणले, चहाची किटली आणली, एकाने दुचाकीचा आरसा आणला. मी देवघराच्या खालच्या खणातून नानांचा अडकित्ता काढला. वीतभर लांबीचा, दोन पितळी दांड्यांचा, वरच्या दांडीत पोलादी पाते बसवलेला आणि बिजागरीपाशी छोटासा मोर. नाना गेल्यानंतर तो कोणी वापरलेला नव्हता. घरात सुपारी खाणारे तेच शेवटचे.

पेन्सिलचे चित्र मला जमले, किंबहुना फारच जमले. मी पट्टीने दांडी मोजली, मोराची उंची मोजली, प्रमाण धरले आणि रेघ न रेघ जागच्या जागी आणली. मॅडमनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि मग हसून म्हणाल्या, "काका, हा तर मोजणीचा नकाशा झाला." त्यात राग येण्यासारखे काही नव्हते. ज्याने आयुष्यभर हक्कपत्रके, फेरफार आणि मोजणीचे नकाशे तपासले, त्याच्या हातून दुसरे काय उतरणार? चित्रातला अडकित्ता बिनचूक होता, आणि तो कोणाचाही असू शकला असता.

कोळशाने माझी पंचाईत केली. पेन्सिल सांगितले तिथे थांबते. कोळसा थांबत नाही. बारीक रेघ त्याला मानवत नाही, आणि तळव्याची कड नुसती टेकली तरी कागदावर तिची साक्ष उमटते. कागद स्वच्छ ठेवणे हा माझ्या नोकरीतला अर्धा धर्म होता. शाईचा डाग पडलेले टिपण मी कारकुनाला परत लिहायला लावीत असे. आता माझ्याच शर्टाच्या बाह्या, नाक, चष्म्याची काडी सगळे काळे झाले, आणि मॅडम सांगत होत्या, की काळे होऊ द्या, नंतर रबराने उजेड काढता येईल. अंधार आधी भरायचा आणि उजेड त्यातून खोडून काढायचा, हे मला नवीन होते. तसे करता करता एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. पेन्सिलने मी दोन दांड्या काढल्या होत्या. कोळशाने मला त्यांच्या मधली फट काढायला लावली. आणि त्या फटीची मला लहानपणी विलक्षण भीती वाटत असे, हे आठवले. "त्यात बोट घालू नकोस," असे आई सतत सांगे. माझा अडकित्ता कागदावर जड झाला, आणि थोडा हिंस्रही.

जलरंगाची शिस्त याच्या अगदी उलट. तिथे पांढरा रंग वापरायचा नाही, असा आमच्या वर्गाचा दंडक होता. जिथे पितळ चमकते तिथे कागद कोरा राखायचा, म्हणजे सर्वांत उजळ जागा कोणती हे रंगात ब्रश बुडवण्याआधीच ठरलेले हवे. कचेरीतल्या नोंदीत चूक झाली तर ती एका रेघेने खोडून, बरोबर मजकूर लिहून शेजारी आद्याक्षरी करता येते. जलरंगात आद्याक्षरी चालत नाही. मी अकरा कागद वाया घालवले. बारावा करताना अडकित्ता खिडकीपाशी ठेवून त्याची चमक न्याहाळली, तेव्हा ती सगळीकडे सारखी नाही असे दिसले. वरच्या दांडीच्या एका अंगाला, बिजागरीपासून चार बोटांवर, सुपारीएवढा एक भाग उरलेल्या पितळेपेक्षा गुळगुळीत होता आणि तिथे उजेड साचून राहत होता. मी तेवढा कागद कोरा सोडला. तो भाग तिथेच का आहे, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. चित्र बरे झाल्याच्या आनंदात मी होतो.

याच सुमाराला मनात जुनी म्हण पुन्हा बोलू लागली. आमच्या मंडळातले एक स्नेही, स्वतः चांगले गाणारे, मला एकदा म्हणाले, "अहो, या वयात हाताशी वर्षे किती? जलरंग जमतोय तर तोच धरून बसा. हे कोळसा, लिनो, माती कशाला?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. एका रागावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला माझी ही वर्षभरातली पाच घरे म्हणजे भाडेकरूचे बिऱ्हाड वाटले असल्यास नवल नाही.

बडोद्याच्या माणसाने या शंकेचे उत्तर फार लांब शोधायला जाण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकायला आला होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तो आधी जाऊन आला होता. इथे त्याने चित्रकला, शिल्प आणि छायाचित्रण यांच्याशी झटापट केली. पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाला, छपाईचे ब्लॉक केले, जादूचे प्रयोगसुद्धा केले. १९१० साली कोणी त्याच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला असता तर नानांची म्हण त्याला चपखल लागू पडली असती. तीन वर्षांनी, १९१३ साली, त्याचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. दादासाहेब फाळक्यांनी वाटेत उचललेले एकेक काम तिथे उपयोगी पडले. देखावे रंगवणे, कॅमेरा, रसायने आणि हातचलाखीही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. के. जी. सुब्रह्मण्यन् १९५१ साली या शहरात शिकवायला आले. मध्ये काही वर्षे मुंबईला हातमागाच्या कामात गेली, पुढे काही वर्षे शांतिनिकेतनात गेली, आणि २०१६ साली याच शहरात त्यांनी डोळे मिटले. कॅनव्हास, भित्तिचित्र, भाजलेल्या मातीच्या फरशा, काचेच्या उलट बाजूने रंगवलेली चित्रे, लहान मुलांची पुस्तके, कलाविभागाच्या जत्रेसाठी केलेली खेळणी, अशा कितीतरी गोष्टींना त्यांनी हात घातला. त्यांची कामे एकत्र पाहताना हे एकाच माणसाचे आहे, हे सांगावे लागत नाही.

तरीही या नावांचा आधार घेऊन मी स्वतःला सोडवून घेणार नाही. फाळके एक होतो. कलाभवनाच्या दारातून चार गोष्टी अर्धवट शिकून बाहेर पडलेले आणि कोणाच्याच लक्षात न राहिलेले शेकड्यांनी असतील. मोठ्या माणसाचे उदाहरण लहान माणसाच्या कामी फारसे येत नाही. माझ्या शंकेचे उत्तर मला माझ्याच अडकित्त्याकडून मिळाले, आणि तेही एका चुकीमुळे.

लिनो म्हणजे जवसाचे तेल, बुचाच्या झाडाचा चुरा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर थापलेली चादर. हिवाळ्यात ती कडक होते. थोडा वेळ उन्हात ठेवली की मऊ पडते आणि कोरणीखाली लोण्यासारखी निघते. जे कोराल ते पांढरे राहते, जे ठेवाल त्याला शाई लागते. या वेळी नुसती वस्तू नको, ती वापरणारा हात दाखवा, असे मॅडमनी सांगितले होते. नानांचा हात आता कुठून आणणार? मी माझ्याच उजव्या हातात अडकित्ता धरला, डाव्या हाताच्या चिमटीत सुपारी धरली, घरी पत्नीला त्याचा फोटो काढायला लावला आणि तो समोर ठेवून लिनोवर कोरला. तीन आठवडे लागले. कोपऱ्यात साल घातले : २०२४. रुळाने शाई लावली, वर कागद ठेवला, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासला आणि कागद उचलला.

वर्गात हशा पिकला. साल उलटे उमटले होते, आणि हातही. ठसा नेहमी उलटा येतो, म्हणून चित्र आधीच उलटवून कोरायचे असते, हे पहिल्याच तासाला सांगितलेले मी साफ विसरलो होतो. "काका, तुम्ही डावरे झालात," एक मुलगा म्हणाला. मीही हसलो. ज्याने जन्मभर शिक्के मारले त्याच्या हे लक्षात येऊ नये, याचे मलाही हसू आले. मग कागद टेबलावर ठेवला आणि माझे हसू थांबले.

त्या कागदावरचा हात माझा नव्हता. डाव्या मुठीत अडकित्ता, उजव्या चिमटीत सुपारी आणि मनगट किंचित आत वळलेले. रात्री जेवणानंतर हिंचक्यावर बसलेले नाना मला जसेच्या तसे दिसले. मी समोर जमिनीवर अभ्यासाला बसलेला असे. समोरच्याचा डावा हात पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूला येतो. लहानपणापासून मनात बसलेले ते चित्र मी कधी उलटवून पाहिलेच नव्हते. नाना उजव्या हाताने लिहीत, उजव्या हाताने जेवत. तेव्हा सुपारीही उजव्याच हाताने कातरत असणार, असे मी धरून चाललो होतो.

घरी येऊन मी इंदूरला ताईला फोन केला. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. "ताई, नाना डावरे होते का गं?"

"म्हणजे काय!" ती म्हणाली. "तुला ठाऊक नाही? अरे, शाळेत मास्तरांनी रुळाने बोटं फोडून फोडून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं. आजोबांनीही घरात तेच केलं. डाव्या हाताने जेवायला बसले की ताट उचलून न्यायचे. नंतर सगळं उजव्याने करायला लागले. फक्त सुपारी तेवढी डाव्या हाताने. आई म्हणायची, दिवसभर लोकांच्या हाताने जगतात, रात्री तेवढा स्वतःचा हात वापरू दे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नानांचे अक्षर मोत्यासारखे होते. गिरणीतल्या खातेवह्या पाहायला बाहेरचे लोक येत, असे आई अभिमानाने सांगे. ते अक्षर त्यांनी त्यांचा नसलेल्या हाताने कमावले होते. एका हाताला मुकाट्याने घरी बसवून दुसरा धड करायला काय लागते, हे त्यांना जितके ठाऊक होते तितके आमच्यापैकी कोणालाच नव्हते. म्हणूनच त्यांनी माझ्या अर्जाची घडी घातली, असे मी म्हणत नाही. वडिलांच्या मनातला निर्णय पन्नास वर्षांनी मुलाने लिहून काढावा, याला पुरावा म्हणत नाहीत; मी मामलतदार असताना अशी नोंद कधी मंजूर केली नसती. पण त्या घडीची जी अढी माझ्या मनात होती, ती त्या रात्री सैल झाली एवढे खरे. त्यांनी माझ्याकडून जे मागितले, ते आधी स्वतःकडून वसूल केले होते. माझ्यावर त्यांनी रूळ कधी उगारला नाही, नुसती म्हण उगारली.

शेवटचे माध्यम माती. ती आधी कणकेसारखी मळावी लागते, कारण आत हवेची पोकळी राहिली तर भट्टीत फुटण्याची भीती असते. मळण्याच्या कामात पत्नीने माझे गुरुपद घेतले आणि बरेच दिवस ते सोडले नाही. चित्रात वस्तूची एक बाजू केली की भागते; मातीत पाठसुद्धा करावी लागते. म्हणून मी अडकित्ता डोळे मिटून चाचपायला लागलो. उजव्या हातात धरला तेव्हा अंगठा सपाट पितळेवर पडला. डाव्या हातात घेतला, तर अंगठा आपोआप एका उथळ खळग्यात जाऊन बसला. जलरंगाच्या वेळी मी कोरा सोडला होता तोच भाग. जवळजवळ चाळीस वर्षे रोज रात्री एका अंगठ्याने पितळ झिजवले होते. माझ्या पेन्सिलने तो अडकित्ता मोजला होता आणि ही झीज तिला दिसली नव्हती. जलरंगाला ती दिसली होती, पण मला तिचा अर्थ कळला नव्हता. अर्थ कळायला लिनोवरची एक चूक लागली, आणि खात्री पटायला माती.

आता स्नेह्यांना मी एवढेच सांगतो, की पाच माध्यमांतले एकही मला धड येत नाही. त्यांची तक्रार बरोबर आहे. पण मी जर पेन्सिलवर थांबलो असतो, तर ती अधिकाधिक तासून पाच वर्षांत एक अत्युत्तम नकाशा काढला असता, आणि त्या अडकित्त्याविषयी तेवढेच जाणले असते, जेवढे पहिल्या दिवशी जाणत होतो. माध्यम बदलले की आपण नवे काही करतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या हाताची जी खोड एका ठिकाणी सोयीची होती, ती दुसऱ्या ठिकाणी चालेनाशी झाली, आणि त्या अडचणीत वस्तूकडे पुन्हा पाहावे लागले.

वर्षाच्या शेवटी वर्गाचे लहानसे प्रदर्शन झाले. माझी पाचही कामे एका ओळीत मांडली होती. लिनो नव्याने, नीट उलटवून कोरून द्यावा, असे मॅडमनी सुचवले होते. मी नको म्हटले. खाली उलटे २०२४ तसेच राहिले. मातीचा अडकित्ता भट्टीतून बिजागरीपाशी दुभंगून आला होता. दोन्ही दांड्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. ताई इंदूरहून आली होती. ती इतर चित्रांपुढून भराभर गेली आणि लिनोच्या छापापुढे थांबली. काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसला आणि मग म्हणाली, "मनगट बरोबर आलंय रे."

अडकित्ता आता पुन्हा खणात ठेवलेला नाही. हिंचक्याशेजारच्या फळीवर असतो. डॉक्टरांनी सुपारी वर्ज्य केली आहे, तरी रात्री जेवण झाल्यावर मी एखादी घेतो आणि डाव्या हाताने कातरून पाहतो. खायची नसतेच, सकाळी ती कुंडीतल्या मातीत जाते. अंगठा खळग्यात नीट बसतो. फोडी मात्र अजून जाड येतात.